अपडेट झालं की पेनचा दाब जातो: जुन्या पेनवाल्या लॅपटॉपवर कुठली सिस्टीम ठेवावी?

कालपर्यंत पेन दाबलं की रेघ जाड, हात सैल सोडला की बारीक. आज लॅपटॉप चालू केला तर रात्रीत अपडेट होऊन बसलेलं, आणि रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीची. पेन फिरतंय, क्लिक होतंय, फक्त दाब गेलाय. ड्रायव्हर (पेन चालवणारा छोटा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकला की दाब परत येतो, आणि पुढचं अपडेट आलं की पुन्हा जातो. असं होत राहिलं की माणूस वैतागून विचारतो, "विंडोजच काढून टाकू काय?"

काढायचं की ठेवायचं हे तीन गोष्टींवर ठरतं. पेन कुठल्या जातीचं आहे, चित्र कशात काढता, आणि अक्षरं कुठल्या फॉन्टमध्ये टाकता. तिसरी गोष्ट पुण्या-मुंबईकडचं कुणी सहसा विचारत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीत मात्र काम नेमकं तिथंच अडतं, म्हणून तिच्यावर खाली जरा सविस्तर लिहिलंय.

आपल्याकडे हे लॅपटॉप येतात ते बहुतेक पुण्या-बंगळूरच्या ऑफिसांनी मोडीत काढलेल्या मालातून. थिंकपॅडचे एक्स२०१, एक्स२२०, एक्स२३० टॅबलेट, एचपीचे एलिटबुक २७४०पी आणि २७६०पी, फुजित्सूचे लाइफबुक टी मालिकेतले, आणि अधूनमधून सुरुवातीचा एखादा सरफेस प्रो. सरफेस सोडला तर बाकीच्यांची स्क्रीन मधल्या एका बिजागरीवर फिरते. ती फिरवून कीबोर्डवर आडवी पाडायची आणि शाळेतल्या पाटीसारखी मांडीवर घ्यायची. नवा पेन डिस्प्ले घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. फ्लेक्स डिझाइन करणारे, चित्रकलेचे शिक्षक, वैशाखातल्या शिवजयंतीला मंडळांच्या चित्ररथांची स्केचेस करून देणारे, असे सगळे हेच वापरतात.

आधी पेन बघा

पेनात सेल नाही आणि ते चार्जही करावं लागत नाही, तर ते वॅकॉम या कंपनीच्या जुन्या विद्युतचुंबकी पद्धतीचं. स्क्रीनच्या मागे एक संवेदक पट्टी असते, तीच पेनाला ऊर्जा देते आणि त्याची जागा व दाब वाचते. म्हणूनच टोक काचेला टेकायच्या आधीच, थोडं वर असतानाच, कर्सर हलू लागतो. वर नावं घेतलेल्या फिरत्या स्क्रीनच्या बहुतेक लॅपटॉपांत आणि सरफेस प्रोच्या पहिल्या दोन पिढ्यांत हीच पद्धत आहे. सरफेस प्रो ३ पासून पेनात सेल आला, पद्धत बदलली, त्यामुळे खालचं सगळं त्याला जसंच्या तसं लागू नाही.

पट्टी लॅपटॉपला कशी जोडलीय तेही बघून ठेवा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसखाली पेनाची नोंद शोधा, तिच्या डीटेल्समध्ये हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीआयडीपुढे ०५६ए दिसलं तर पट्टी यूएसबीवर आहे. डब्ल्यूएसीएफ या अक्षरांनी सुरू होणारं काही दिसलं तर ती सिरीयल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पोर्टवर. एक्स६१, एक्स२००, एक्स२०१ सिरीयल. एक्स२२० आणि एक्स२३० यूएसबी. हा फरक विंडोजवर फारसा जाणवत नाही; लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत सिस्टीमवर, जाणवतो.

दाब नेमका का जातो

विंडोजवर चित्रकलेच्या प्रोग्रामला पेनाचा दाब कळायचे दोन रस्ते आहेत. एक जुना, विनटॅब. त्याला वॅकॉमचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. दुसरा विंडोज इंक. तो विंडोजमध्येच असतो. अपडेट येतं तेव्हा विंडोज कधी कधी वॅकॉमचा ड्रायव्हर बाजूला सारून आपला साधा पेन ड्रायव्हर बसवतं. त्या साध्या ड्रायव्हरवर पेन चालतं, इंकमधून दाबही मिळतो, पण विनटॅबचा रस्ता बंद होतो. तुमचा प्रोग्राम विनटॅबवर लावलेला असेल तर त्याला पेन म्हणजे नुसता माउस वाटू लागतो. पेन बिघडलेलं नसतं, स्क्रीनही नाही. दुकानात नेऊन स्क्रीन बदलायचा खर्च करण्याआधी हे तपासा.

क्रिटा या चित्र काढायच्या मोफत प्रोग्राममध्ये तपासणं सोपं आहे. सेटिंग्ज, मग कॉन्फिगर क्रिटा, मग टॅबलेट सेटिंग्ज. तिथं टॅबलेट टेस्टर नावाचं बटण आहे. ते दाबलं की एक कोरी चौकट उघडते. तिच्यावर रेघ ओढत राहायचं आणि शेजारी भराभर उमटणाऱ्या ओळी वाचायच्या. ओळीत स्टायलस लिहून येत असेल आणि दाबाचा आकडा हाताबरोबर कमीजास्त होत असेल, तर ड्रायव्हर ठीक आहे, दोष ब्रशच्या सेटिंगमध्ये शोधा. नुसतं माउस माउस येत असेल तर रस्ता चुकलाय. त्याच पानावर टॅबलेट इनपुट एपीआय असा पर्याय आहे. विनटॅबवरून विंडोजच्या पॉइंटर इनपुटवर या, क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. बहुतेकांचं काम इथंच संपतं, आणि पुढच्या अपडेटनंतरही दाब जात नाही, कारण वॅकॉमच्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही.

फोटोशॉप सीएस६ किंवा त्याच्या आधीचं वापरणाऱ्यांना ही पळवाट नाही. त्यांना विनटॅबच लागतं. मग वॅकॉमचा ड्रायव्हर टाका, आणि ड्रायव्हर निवडताना काळजी घ्या: बाहेरून जोडायच्या इंटुओस वगैरे टॅबलेटचा ड्रायव्हर वेगळा, लॅपटॉपच्या आतल्या पट्टीचा वेगळा. त्यानंतर विंडोजला ड्रायव्हरांना हात लावू देऊ नका. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटच्या भागात ड्रायव्हर वगळायचा पर्याय आहे. होम आवृत्तीत सिस्टीम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमध्ये डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज असतं, तिथं नो निवडा. ते ग्रुप पॉलिसीइतकं पक्कं नाही, पण नसल्यापेक्षा बरं. आणि ड्रायव्हर बदलून गेलाच असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच नोंदीच्या ड्रायव्हर टॅबवर रोल बॅक असतं, ते आधी करून बघा. पुन्हा डाउनलोड करत बसायला नको.

याच रांगेतली आणखी एक तक्रार: पेन टेकवलं की टोकाभोवती गोल रिंगण येतं आणि रेघ उशिरा सुरू होते. ते राइट-क्लिकसाठी दाबून धरायचं वैशिष्ट्य आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या पेन अँड टचमध्ये जाऊन बंद करा. हात टेकला की मधेच ठिपके उमटत असतील तर चित्र काढताना टच पूर्ण बंद ठेवा. जुन्या मशीनवर हाताचा स्पर्श ओळखून वगळण्याच्या भरवशावर राहू नका.

मग विंडोज ठेवायचं का?

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नोंदणी केलेल्या घरगुती मशीनना सुरक्षा अपडेटची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली, तीही २२एच२ आवृत्तीवर असाल तरच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. एक्स२२० दुसऱ्या पिढीचा, एक्स२३० तिसऱ्या पिढीचा. तपासणी चुकवून ११ बसवता येतं आणि गल्लीतली पोरं ते बसवूनही देतात, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही. एक्स६१ सारख्या कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरमध्येच नाही. माझ्या मते या वयाच्या मशीनवर ११ च्या मागे लागणं म्हणजे उसनं दुखणं.

विंडोज ७ वर या मशीनचं पेन सगळ्यात गोड चालतं, हे जुने लोक सांगतात ते खोटं नाही. पण त्याची मुदत १४ जानेवारी २०२० लाच संपली आणि क्रिटाच्या नव्या आवृत्त्यांना त्यावर अधिकृत आधार नाही. इंटरनेट न जोडता जुना फोटोशॉप तेवढा वापरायचा असेल तर ठेवा. त्याच मशीनवरून बँकेचं काही करू नका.

उरलं लिनक्स. एक्स२२०, एक्स२३०, २७६०पी या गटासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो, त्यातला एक्सएफसीई (हलका) किंवा सिनॅमन डेस्कटॉप. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वॅकॉमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) असल्यामुळे वेगळं काही टाकावं लागत नाही आणि अपडेटनं दाब जायची कटकट जवळजवळ संपते. मिंटचं कारण आणखी एक आहे: त्याचा डेस्कटॉप अजून एक्स११ वर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या जुन्या व्यवस्थेवर) चालतो. जुन्या पेनांची, हुकूम टाइप करून चालवायची सगळी साधनं एक्स११ साठी लिहिलेली आहेत. उबुंटू हे दुसरं लिनक्स आता वेलँड या नव्या व्यवस्थेवर गेलंय, २५.१० पासून तर तिथं ग्नोम या त्याच्या डेस्कटॉपचं एक्स११ सत्रच काढून टाकलंय. वेलँडवर पेन चालतं, पण ती साधनं चालत नाहीत, आणि मग स्क्रीन फिरवल्यावर पेन कुठं जातं ते शोधत बसावं लागतं. केडीई प्लाझ्मा ६ या आणखी एका डेस्कटॉपमध्ये वेलँडवरही पेनाची जुळवणी बरी आहे, पण चार जीबी रॅमवर मी ते लावणार नाही.

कोअर टू ड्युओवाल्यांनी एक्सएफसीईच घ्यावं. त्याही आधीच्या, फक्त ३२ बिट चालणाऱ्या मशीनवर वेळ घालवू नका. डेबियन १३ या लिनक्सनंही ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

सरफेस प्रो १ आणि २ वर विंडोज १० राहू द्या, क्रिटा इंकवर लावा. सरफेस प्रो ४ पासून पुढे लिनक्सवर पेनासाठी वेगळा कर्नल आणि सोबत एक पूरक सेवा टाकावी लागते. हौस असेल तरच.

पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून

मिंट पेनड्राइव्हवर टाका, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा (थिंकपॅडवर एफ१२), आणि काहीही न पुसता क्रिटाची ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी फाइल) उघडून तोच टॅबलेट टेस्टर चालवा. दाबाचा आकडा हलला की निम्मं काम झालं. सिरीयल पट्टी असेल आणि पेन अजिबात हललं नाही, तर घाबरू नका. सिरीयल पोर्टवरचं पेन जोडून देणारी छोटी सेवा वॅकॉमच्या एक्स११ पॅकेजमध्ये येते, ती चालू आहे का बघा. लॅपटॉप झोपून उठल्यावर सिरीयल पेन गप्प झालं तरी तीच सेवा पुन्हा सुरू करायची.

लिनक्सवर हमखास येणारी अडचण म्हणजे स्क्रीन उभी केली की पेन आडवंच राहतं. तुम्ही वर ओढता, रेघ बाजूला जाते. एक्ससेटवॅकॉम नावाचं साधन हे सोडवतं. त्याला आधी उपकरणांची यादी विचारायची. यादीत स्टायलस आणि इरेझर अशा वेगळ्या नोंदी येतात. त्यांतल्या एकीला रोटेट हा गुण द्यायचा: डावीकडे, उजवीकडे किंवा पूर्ण उलट. हा गुण सगळ्या पट्टीला लागतो, त्यामुळे स्टायलसला दिला की इरेझरही त्याबरोबर फिरतं. स्क्रीन फिरवणं आणि हा हुकूम एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ती स्क्रीनच्या कडेच्या फिरवायच्या बटणाला जोडून टाका. वर्गात प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडला की पेनाचा पल्ला दोन्ही स्क्रीनवर ताणला जातो. तिथं त्याच साधनाचा मॅप टू आउटपुट वापरून पेन लॅपटॉपच्या स्क्रीनला बांधून ठेवायचं.

रॅमचा हिशोब एकदा करून ठेवा. तीनशे डीपीआयचा ए४ म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, एक लेयर साधारण ३५ एमबीचा. दहा बाय आठ फुटी फ्लेक्स बहात्तर डीपीआयवर घेतला तरी ८६४० बाय ६९१२, म्हणजे एका लेयरला जवळजवळ २४० एमबी. चार जीबीच्या मशीनवर पाच-सहा लेयर झाले की पेन मागे पडतं, आणि दोष ड्रायव्हरला मिळतो. चित्र निम्म्या मापात काढा, मोठं शेवटी करा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी आणि आठ जीबी रॅम घातली तर सिस्टीम बदलण्याइतकाच फरक पडतो.

अक्षरांचं काय?

कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं. म्हणजे गणपत गल्लीतल्या दुकानाचा बोर्ड असो की निपाणीतल्या हॉटेलचा, तुमच्या फाइलमध्ये कन्नड येणारच, आणि मंडळाच्या फ्लेक्सवर मराठी असणारच. गिऱ्हाईक कन्नड मजकूर नुडीत किंवा बरहात (कन्नड टायपिंगचे प्रोग्राम) टाइप करून आणतं. तुमची जुनी मराठी कामं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, कोरल ड्रॉच्या फाइलींत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची गंमत अशी की फॉन्ट नसेल तर मजकूर दिसतच नाही असं नाही. तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन दिसतो. आणि कोरल ड्रॉ लिनक्सवर येत नाही. त्यामुळे ज्यांचं पोट फ्लेक्सवर आहे त्यांनी विंडोज पूर्ण पुसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सुचवतो ती व्यवस्था अशी. फॉन्टचं काम दुकानातल्या साध्या डेस्कटॉपवर विंडोजमध्येच ठेवा. तिथं मजकूर लावला की त्याचे कर्व्ह (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या) करून टाका आणि पीडीएफ किंवा एसव्हीजी काढा. कर्व्ह झालेल्या अक्षराला फॉन्ट लागत नाही. इंकस्केप या मोफत डिझाइन प्रोग्राममध्ये ते जसंच्या तसं उघडतं. पेनवाल्या लॅपटॉपवर फक्त चित्र: शिवाजी महाराजांचा घोडा, गणपती, ढोलपथकाची पोरं, जे काय असेल ते. डेस्कटॉप नसेल तर त्याच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम ठेवा, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर सेव्ह होत नाही. दोन सिस्टीममध्ये घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे झालं तर बॅटरीला दोष देऊ नका; एक सिस्टीम मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ धरते, दुसरी जागतिक.

नवीन काम युनिकोडमध्ये करायचं ठरवलं तर लिनक्स इथं अडत नाही. उलट एक सोय अशी आहे जी आपल्याकडच्या लोकांनाच कळेल: नुडीचा कीबोर्ड ज्यांच्या बोटांत बसलाय त्यांच्यासाठी कीबोर्डच्या यादीत कन्नडखाली कगप मांडणी आहे, आणि मराठीखालीही कगप आहे. कन्नड गणक परिषदेची तीच मांडणी, अक्षरं देवनागरी. शाळेत कन्नड टायपिंग शिकलेली आपली मुलं मराठी त्याच बोटांनी टाइप करतात. इनस्क्रिप्टही आहे, ज्याला ते हवं त्यानं ते घ्यावं.

सिस्टीम बदलून न जाणारा दोष

खानापूरचा एक मित्र सांगत होता, "सरळ रेघ मारलो तरी ती थरथरतीया बघ." दोन सिस्टीम बदलून झाल्या होत्या. त्याला म्हटलं, चार्जर काढ आणि मग ओढ. चार्जर काढला आणि रेघ सुतासारखी सरळ आली. दोष विजेकडचा होता. जुन्या वाड्यांतल्या सॉकेटला तिसऱ्या भोकात अर्थिंग नसतंच, किंवा चार्जरचा पर्यायी स्वस्त दोन पिनी अडॅप्टर आणलेला असतो. लाइट गेल्यावर साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तर हा त्रास आणखी वाढतो. तीन पिनी, मूळ वॉटचा चार्जर आणि अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. ते जमत नसेल तर बारीक रेघांचं काम बॅटरीवर करा, रंग भरताना चार्जर लावा.

फक्त कडांजवळ टोक आणि रेघ यांत अंतर पडत असेल तर आधी कॅलिब्रेशन करा, पण कोपऱ्यांत थोडं अंतर या पट्ट्यांत राहतंच. कव्हरमधला लोहचुंबक किंवा शेजारचा स्पीकर दूर करून बघा. क्रिटाचा कॅनव्हास जरा आत ओढून घेतला की कोपऱ्यात जायचं कारणच उरत नाही.

पेन हरवलं असेल तर बाहेरच्या बांबू किंवा इंटुओस टॅबलेटचं पेन या स्क्रीनवर चालणार नाही, एकाच कंपनीचं असलं तरी. टॅबलेट पीसीसाठीचंच बिनसेलचं पेन बघून घ्या. सॅमसंगच्या जुन्या नोट फोनचं एस पेनही यांतल्या बऱ्याच मशीनवर चालतं. विकत घेण्याआधी कुणाचं तरी आणून स्क्रीनवर फिरवून बघा.